गरोदरपणातील लसी: कोणती घ्यावी, कोणत्या आठवड्यात घ्यावी

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुम्ही अमळनेर तालुक्यातील एका गावी सासरी राहता, बावीसावा आठवडा नुकताच पूर्ण झाला आहे, प्रसूतीची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील आहे, आणि पोळा झाल्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी शहाद्याजवळ माहेरी जायचे ठरले आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने धनुर्वाताचे एक इंजेक्शन दिले आहे आणि तेवढे पुरेसे आहे असे सांगितले आहे. शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी मात्र फ्लूची आणि टीडॅप नावाची (धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांची एकत्रित) अशा आणखी दोन लसी सुचवल्या आहेत. गेल्या वर्षी दहाव्या आठवड्यात तुमचा गर्भपात झाला, त्याच्या दोनच दिवस आधी तुम्ही धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले होते, आणि त्यामुळे सासूबाईंचा या लसींना विरोध आहे. तुमच्या यजमानांचे म्हणणे असे, की धोका कशाला पत्करायचा, काय घ्यायचे ते बाळंतपणानंतर घेऊ.

माझे मत आधीच सांगते. फ्लूची लस याच आठवड्यात घ्यावी आणि टीडॅप सत्तावीस आठवडे पूर्ण झाल्यावर, माहेरी निघण्यापूर्वी घ्यावी. परंतु तुम्ही केवळ मत विचारलेले नाही, निर्णय कसा करावा हे विचारले आहे, आणि घरात चार माणसांना पटवून द्यायचे तर कारणे तुमच्याकडे असली पाहिजेत. ‘गरोदरपणात लस घ्यावी का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रत्येक लसीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो: तो आजार आईला किंवा बाळाला केव्हा गाठतो, लसीचे संरक्षण कोणापर्यंत आणि किती दिवसांत पोहोचते, आणि लस घेण्यास आता उशीर केला तर नेमके काय हातचे जाते.

प्रथम गेल्या वर्षीच्या घटनेविषयी, कारण ती मनात असेपर्यंत पुढचे काहीही पटणार नाही. तुम्ही त्या वेळच्या सोनोग्राफीच्या अहवालातील मजकूर उतरवून पाठवला हे फार चांगले केले. त्यात पाळीच्या तारखेनुसार गर्भ दहा आठवड्यांचा असायला हवा होता असे नोंदले आहे, पण गर्भाची मोजलेली लांबी सात आठवडे दोन दिवसांएवढी आहे आणि हृदयाचे ठोके दिसत नाहीत. तुमची पाळी नियमित होती असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ गर्भाची वाढ रक्तस्रावाच्या सुमारे तीन आठवडे आधीच थांबली होती. इंजेक्शन घेतले त्या दिवशी तो गर्भ जिवंत नव्हता. शरीराला ते कळून रक्तस्राव सुरू होण्यास तेवढे दिवस लागले, इतकेच. वाढ थांबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी रक्तस्राव सुरू होणे आम्ही नेहमी पाहतो. तो कागद सासूबाईंना दाखवा आणि त्यातील हे दोन आकडे शांतपणे समजावून सांगा. त्यांचा संशय वेड्यासारखा नाही. एका गोष्टीनंतर दुसरी घडली की पहिलीमुळेच दुसरी झाली असे कोणालाही वाटते. नातू गमावल्याचे दुःख त्यांनाही झालेले आहे, आणि त्या विरोध करतात तो तुमच्या काळजीपोटीच.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या भागात वारंवार गैरसमज निर्माण करते. दिवस गेल्याचे निश्चित झालेल्या शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस आपोआप संपतात आणि त्यातील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत संपतात. त्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, आणि तो गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेला असतो. आता नेमके याच आठवड्यांत आपल्याकडे गरोदर स्त्रीची नोंदणी होते आणि नोंदणीच्या पहिल्याच भेटीत धनुर्वाताचे इंजेक्शन देतात. त्यामुळे इंजेक्शनचा काहीही संबंध नसला, तरी दर वर्षी जिल्ह्यातील काही स्त्रियांचा गर्भपात इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांनी होणारच. ज्यांचा गर्भपात इंजेक्शनच्या दोन दिवस आधी होतो, त्या स्त्रिया ते इंजेक्शन घेतच नाहीत, म्हणून त्यांची तुलना कोणी करत नाही.

सासूबाईंचे दुसरे म्हणणे, ‘आम्ही काही घेतले नाही, आमची मुले ठणठणीत आहेत’, याचे उत्तर त्यांच्याच आठवणीत सापडेल. त्यांच्या पिढीतील, किंवा त्यांच्या आईच्या पिढीतील किती बाळे पहिल्या पंधरवड्यात गेली, हे त्यांना आदराने विचारा. खानदेशातील वृद्ध स्त्रिया ते वर्णन अचूक करतात: दोन-तीन दिवस चांगले पिणारे मूल सहाव्या-सातव्या दिवशी तोंड उघडेनासे होई, अंगावर पाजता येत नसे, हात लावला की अंग ताठ होई, आणि मग ते जाई. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरची बाधा मानली जाई. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापलेल्या नाळेला राख, माती किंवा शेण लावले की त्यातील जंतूंचे बीज आत जाई, आणि उपचार न मिळालेले जवळजवळ प्रत्येक बाळ दगावत असे. दवाखान्यातील प्रसूती, स्वच्छ नाळ आणि आईला दिलेली लस या तिन्ही गोष्टी मिळून तो आजार इतका मागे हटला, की २०१५ मध्ये माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. येथे निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे. जंतू नाहीसा झालेला नाही, तो आपल्या शेतातील मातीत आणि गोठ्यात आजही आहे. अक्कलकुवा-धडगावकडील डोंगरपाड्यांवर काही प्रसूती अजून घरी होतात, आणि तेथे या इंजेक्शनचे महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे.

सरकारी कार्यक्रमात पूर्वी नुसत्या धनुर्वाताची लस मिळत असे. आता तिच्या जागी धनुर्वात आणि घटसर्प यांची एकत्रित टीडी लस देतात, जरी बोलताना सगळे जुन्याच नावाने टीटी म्हणतात. आरोग्यसेविकेने धनुर्वातापुरते सांगितले ते बरोबरच आहे. गेल्या वर्षीचे एक आणि यंदाचे एक अशी तुमची दोन इंजेक्शने झाली आहेत, दोन्हींत चार आठवड्यांहून कितीतरी अधिक अंतर आहे, आणि गेल्या वेळी गर्भ राहिला नाही म्हणून ते इंजेक्शन वाया गेलेले नाही. तज्ज्ञांनी टीडॅप सुचवली ती प्रामुख्याने धनुर्वातासाठी नव्हे, तर डांग्या खोकल्यासाठी.

डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर तो दीड-दोन महिने खोकत राहतो, कोणी त्याला धुळीची ॲलर्जी म्हणतो, कोणी बदलत्या हवेचा खोकला. तोच जंतू महिनाभराच्या बाळाला लागला तर चित्र अगदी निराळे असते. एवढ्या लहान बाळाला पुष्कळदा ठसकाही लागत नाही. दूध पिता पिता ते थांबते, ओठ काळेनिळे पडतात, श्वास काही क्षण बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. घरच्यांना वाटते दूध अडकले. अशा बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते आणि तरीही काही बाळे वाचत नाहीत. बाळाला स्वतःला या आजाराची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरील एकत्रित लसीतून मिळते, तिचा पहिला डोस सहाव्या आठवड्याला, नंतरचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. आणि पहिल्या डोसाने पुरेशी ताकद येत नाही. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत हा आजार सर्वांत जीवघेणा असतो, त्याच महिन्यांत बाळाची स्वतःची लस त्याच्या उपयोगाची नसते.

ही उणीव भरून काढणारी व्यक्ती फक्त तुम्ही आहात, आणि तेही बाळ पोटात असतानाच. लस घेतल्यावर तुमच्या रक्तात जी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारे घटक, तयार होतात, ती वारेतून बाळाच्या रक्तात जातात. हे वहन चौथ्या महिन्यापासून हळूहळू सुरू होते आणि शेवटच्या तीन महिन्यांत इतके वाढते, की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईच्या रक्तापेक्षाही अधिक असू शकतात. म्हणूनच टीडॅपसाठी सत्तावीस ते छत्तीस आठवडे हा काळ सांगितलेला आहे, आणि त्यातही सुरुवातीचे आठवडे मला अधिक योग्य वाटतात: प्रतिपिंडे तयार होण्यास किमान दोन आठवडे लागतात, पुढे ती बाळाकडे जाण्यास वेळ लागतो, आणि बाळंतपण तारखेच्या आधीच झाले तर उशिरा घेतलेल्या लसीचा फायदा बाळापर्यंत पोहोचत नाही. यजमानांच्या म्हणण्याचे उत्तर हेच आहे. ‘बाळंतपणानंतर घेऊ’ म्हणजे धोका टाळणे नव्हे. त्यात इंजेक्शन तुम्हाला टोचले जाईल, खर्च तेवढाच होईल, पण जन्माला आलेल्या बाळाच्या रक्तात तुम्ही आता देऊ शकत असलेला साठा नसेल. दूध पाजण्यातून थोडा उपयोग होतो, पण वारेतून मिळणाऱ्या संरक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही. ही प्रतिपिंडे वर्ष-दोन वर्षांत ओसरतात, म्हणून ही लस प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते.

याचा प्रत्यक्ष अनुभव ब्रिटनमध्ये आला. तेथे २०१२ मध्ये डांग्या खोकल्याची साथ आली आणि तान्ही बाळे दगावू लागली, तेव्हा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याचा समावेश असलेली लस देण्यास सुरुवात झाली. नंतरच्या पाहणीत, ज्यांच्या आईने वेळेवर लस घेतली होती अशा बाळांना पहिल्या तीन महिन्यांत सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. वीस हजारांहून अधिक लसवंत गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि त्यांच्यात बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

फ्लूच्या लसीचे कारण वेगळे आहे. तेथे पहिला विचार आईचा आहे. शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना पसरण्यास जागा कमी उरते, हृदयावर भार असतो आणि शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदललेली असते. त्यामुळे जो फ्लू धडधाकट जावेला तीन दिवस अंथरुणात ठेवतो, तोच गरोदर स्त्रीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लू महाराष्ट्रात आला, तेव्हा आणि नंतरच्या साथींतही, गरोदर स्त्रियांना त्याचा फटका अधिक बसला. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत वरचे प्राधान्य दिले. आपल्याकडे पावसाळ्यात या आजाराचे रुग्ण वाढतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा एकदा वाढतात. तुमच्या बाबतीत हे दोन्ही काळ महत्त्वाचे आहेत: पहिल्यात तुम्ही सातव्या-आठव्या महिन्यात असाल, आणि दुसऱ्यात बाळ तीन महिन्यांचे असेल. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतील बाळाला देताच येत नाही, त्यामुळे तेव्हाही त्याला तुमच्याकडून मिळालेल्या संरक्षणावरच अवलंबून राहावे लागेल.

याच आठवड्यात घ्या असे मी म्हणते त्याचे कारणही सांगते. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला सुरत, पुणे, मुंबईची सगळी भाऊबंदकी तुमच्या घरी येईल, दोन-तीन दिवस एकाच घरात वीस-पंचवीस माणसे असतील, आणि त्यात कोणी ना कोणी खोकत असेलच. लसीचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आषाढात घेतलेली लस त्या गर्दीत तुमच्या कामी येईल. ही लस मेलेल्या विषाणूच्या अंशांपासून केलेली असते आणि ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात चालते. नाकात फवारण्याचा जो जिवंत प्रकार असतो, तो मात्र गरोदरपणात घ्यायचा नाही. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून ही लस टाळण्याची आता गरज मानली जात नाही.

जिवंत विषाणूंच्या लसींचा नियम निराळा आहे. गोवर-रुबेला, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी गरोदरपणात देत नाहीत. त्या गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी किंवा प्रसूतीनंतर घ्याव्यात. मात्र दिवस गेल्याचे ठाऊक नसताना कोणी अशी लस घेतली असेल, तर केवळ त्या कारणासाठी गर्भपात करून घेऊ नये. अनवधानाने रुबेलाची लस मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांत जन्मजात रुबेलाचे दोष आढळलेले नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस प्रसूतीनंतरवर ठेवतात.

कुत्रा चावल्यास मात्र कोणाचेही न ऐकता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, रेबीजची लस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण घ्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास जखमेभोवतीचे इंजेक्शनही घ्यावे. गरोदर आहे म्हणून ही लस थांबवायची नसते. गावात बायका ‘पोटुशीला ती सुई चालत नाही’ असे सांगतात, आणि हा सल्ला जीव घेणारा आहे, कारण रेबीजची लक्षणे सुरू झाली की त्यावर उपचार नाही.

आता खर्चाविषयी. खासगी दवाखान्यात फ्लूची आणि टीडॅप या दोन्ही लसी प्रत्येकी हजार ते दोन हजार रुपयांच्या आसपास पडतात, आणि शेतीवर चालणाऱ्या घराला पावसाळ्याच्या तोंडी, कापसाचे बियाणे आणि खत नुकतेच भरलेले असताना, ही रक्कम लहान नाही. राज्यात सरकारी रुग्णालयांतून गरोदर स्त्रियांना फ्लूची लस मोफत देण्याची तरतूद आहे, परंतु साठा प्रत्येक ठिकाणी नेहमी असतोच असे नाही. म्हणून आशाताईंकडून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरांना समक्ष विचारता येईल. फ्लूची लस तेथे मिळाली तर हातातील पैसे टीडॅपवर खर्च करावेत, असे मी सुचवीन. टीडॅपमध्ये धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही येतात, त्यामुळे ती घेतल्यावर टीडीचा आणखी एक डोस घ्यावा लागत नाही. आरोग्यसेविकेला तसे सांगून नोंद करून घ्या.

टीडॅपची जी मुदत आहे, ती आपल्याकडे नेमकी ओटीभरणाच्या आणि माहेरी जाण्याच्या दिवसांत येते. सासरचे डॉक्टर म्हणतात, अजून वेळ आहे, पुढच्या भेटीत पाहू. आणि पुढची भेट माहेरच्या डॉक्टरांकडे पस्तिसाव्या आठवड्यात होते, तेव्हा त्यांना वाटते की सासरी दिलीच असेल. या दोघांच्या मध्ये लस राहून गेलेल्या कितीतरी मुली मी पाहते. तुमचे सत्तावीस आठवडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होतात. पोळ्याच्या आधीची तारीख आजच ठरवून टाका. लसीचे नाव, दिवस आणि बाटलीवरील बॅच क्रमांक माता बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या, कार्डाचा फोटो यजमानांच्या आणि तुमच्या अशा दोन्ही फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कार्ड माहेरी जाताना पिशवीत सर्वांत वर ठेवा. त्यावर रक्तगटही लिहिलेला असू द्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास जे इंजेक्शन सांगतात, ते लस नसून वेगळे औषध आहे, आणि लस घेतली म्हणून ते टाळता येत नाही.

लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस दुखेल, थोडी सूज येईल, अंग मोडून आल्यासारखे वाटेल, कदाचित किंचित ताप येईल. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. इतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. त्या दिवशी आधीच जोराचा ताप असेल तर बरे वाटेपर्यंत थांबावे. साधी सर्दी असेल तर थांबण्याचे कारण नाही. पूर्वी एखाद्या लसीनंतर श्वास कोंडणे, चेहरा सुजणे किंवा शुद्ध हरपणे असा त्रास झाला असेल, तर ते आधी सांगा, मग निर्णय तुमच्या डॉक्टरांनी करावा. आणि लस घेतल्यानंतरच्या दिवसांत पोटात कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे यांपैकी काही झाले, तर ‘लसीमुळे होत असेल’ असे म्हणून घरी थांबू नका. त्याचे कारण दुसरेच असणार आणि त्यावर त्याच दिवशी उपचार लागतील.

काही कारणाने टीडॅप छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत राहूनच गेली, तरी नंतरही प्रसूतीपूर्वी ती घेता येते, फक्त बाळाला मिळणारे संरक्षण कमी असेल. प्रसूतीपूर्वी अजिबात जमले नाही, तर दवाखान्यातून घरी जाण्याआधी घ्यावी, म्हणजे निदान तुमच्याकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता कमी होईल. त्या परिस्थितीत पाचवीच्या पूजेला आणि बारशाला येणाऱ्या खोकणाऱ्या माणसांना, मग ती कितीही जवळची असोत, बाळ हातात देऊ नये, आणि हे सांगण्याचे काम तुमच्या आईने किंवा सासूबाईंनी करावे, ओल्या बाळंतिणीवर ते सोपवू नये.